प्रतिकृती आणि प्रामाणिकपणा

लहान मुलाने चार खोकी एकापुढे एक मांडून त्यांस आगगाडी म्हटले, तर त्याच्याशी सत्यासत्याचा वाद घालावयास कोणी बसत नाही. खोक्यांस चाके नाहीत, ती रुळांवर उभी नाहीत, हे त्या मुलासही ठाऊक असते आणि आपणांसही. खेळातील विधान हे एक प्रकारचे निमंत्रण असते, आणि निमंत्रणास खरे किंवा खोटे म्हणता येत नाही. परंतु तोच मुलगा पुढे प्रौढ झाला, त्याने पैसा व फावला वेळ खर्च करून मेजावर रूळ बसविले, त्यांच्या कडेला फलाट बांधला, आणि फलाटाच्या टोकाशी एखाद्या खऱ्या गावाच्या नावाची पाटी रोवली, म्हणजे प्रकरण तितके निरुपद्रवी राहत नाही. ‘हे ते गाव आहे’ असे ती पाटी म्हणते. हे विधान झाले. आणि विधान म्हटले की त्यास खरेखोटेपणाची कसोटी चुकत नाही. ही कसोटी कोणती, आणि ती लावण्याचा अधिकार कोणाचा, ह्या प्रश्नाचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण क्षुल्लक वस्तूंच्या ठायी नीतीचे प्रश्न जितके स्वच्छ दिसतात तितके ते मोठ्या वस्तूंच्या ठायी दिसत नाहीत. कारण तेथे हितसंबंधांची धूळ फार उडत असते.

लघुरेल्वेचा छंद असलेल्या एका स्नेह्यांनी पनवेलजवळच्या पळस्पे गावाचा परिसर आपल्या मेजावर उतरविण्याचे योजिले आहे. त्याची आखणी करिताना जे प्रश्न निघाले, तेच ह्या विचारास निमित्त झाले. स्थळाची निवड मार्मिक आहे, असे मला वाटते. मुंबईहून येणारा जुना हमरस्ता पळस्प्याशी दुभागतो. एक वाट बोरघाट चढून पुण्यास जाते. दुसरी कर्नाळ्याच्या खिंडीतून कोकणात शिरून गोव्याची व पुढे थेट कन्याकुमारीची दिशा धरते. महाराष्ट्रातील लक्षावधी प्रवाशांनी पळस्पे हे गाव म्हणून कधी पाहिलेलेच नसते; त्यांस केवळ ‘पळस्पे फाटा’ ठाऊक असतो. लोहमार्गांचीही ह्या भागात तीच तऱ्हा आहे. पनवेल स्थानक सोडल्यावर एक मार्ग सोमाटणे, रसायनी, आपटे ह्या वाटेने रोह्यास जातो व तेथून कोकण रेल्वेस मिळतो. दुसरा चिखले, मोहोपे, चौक अशी स्थानके घेत कर्जतला पोहोचतो. एकीकडे माथेरान व प्रबळगड ह्यांची निळी भिंत, दुसरीकडे कर्नाळ्याचा सुळका, आणि मधल्या सपाटीवर उरलीसुरली भातखाचरे, गोदामे, पेट्रोलचे पंप, उड्डाणपूल व नव्या इमारती. जेथे सर्व जण वळण घेतात आणि थांबत मात्र कोणी नाही, अशा ठिकाणी थांबून ते नीट पाहावे असे एखाद्यास वाटावे, ह्यातच काही तरी सात्त्विक आहे.

पण नीट पाहून ते मेजावर उतरवावयाचे म्हटले की पहिल्याच पावलास गणित आडवे येते. जगात ह्या छंदाचे जे प्रमाण सर्वांत रूढ आहे, ते एकास सत्त्याऐंशी. ह्या प्रमाणात एक किलोमीटर म्हणजे जवळजवळ साडेअकरा मीटर. अर्थात पळस्प्याच्या आसपासचा केवळ दोन किलोमीटरांचा लोहमार्ग यथाप्रमाण मांडावयाचा तर तेवीस मीटर लांबीचे दालन पाहिजे. चोवीस डब्यांची एक गाडी खऱ्या रुळांवर पावणेसहाशे मीटरांच्या घरात जाते. मेजावर ती साडेसहा मीटरांहून लांब होईल आणि मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यातून तिचे शेवटचे डबे स्वयंपाकघरात उभे राहतील. भारतीय रेल्वेच्या रुंद मार्गावर जे अधिकांत अधिक तीव्र वळण चालते, त्याची त्रिज्या १७५ मीटर. त्याचीही प्रतिकृती दोन मीटर त्रिज्येची होते, आणि बाजारात मिळणारी वळणे तर हातभर त्रिज्येची असतात. कर्नाळ्याचा किल्ला समुद्रसपाटीपासून चारशे मीटरांहून उंच आहे; त्यास मेजावर उभा करू गेले तर सुळका छप्पर फोडून वरच्या मजल्यावरील कुटुंबाच्या घरात निघेल.

ह्याहूनही सूक्ष्म अडचण रुळांचीच आहे. आपल्या रुंद मार्गाच्या दोन रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर. सत्त्याऐंशीने भागिले असता ते सव्वाएकोणीस मिलिमीटर यावयास पाहिजे. परंतु विकत मिळणारा रूळ साडेसोळा मिलिमीटरांचा असतो. कारण तो युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटरांच्या मार्गाची प्रतिकृती आहे. म्हणजे विकतचे रूळ वापरून केलेली प्रत्येक भारतीय लघुरेल्वे पावणेतीन मिलिमीटरांनी असत्य असते, आणि ते असत्य नेमके चाकांखाली, सर्वांच्या डोळ्यांदेखत पसरलेले असते. लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दीत हिंदुस्थानासाठी साडेपाच फुटांचा रुंद मार्ग ठरला, त्याचे हे इतक्या दूरचे फळ.

तेव्हा संपूर्ण प्रतिकृती ही अशक्य गोष्ट आहे. आणि ती शक्य असती तरी निरुपयोगी ठरली असती. लुईस कॅरल ह्या इंग्रज गणितज्ञ-कथाकाराने १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका कादंबरीत मैलास मैल ह्या प्रमाणाचा नकाशा काढणाऱ्या देशाची थट्टा केली आहे. तो नकाशा उलगडला तर शेतांवरील सूर्यप्रकाश अडेल म्हणून शेतकऱ्यांनी हरकत घेतली, आणि अखेरीस देश हाच देशाचा नकाशा म्हणून वापरावयाचे ठरले. थट्टेतील तात्पर्य असे, की काही तरी सोडल्यावाचून प्रतिकृती होतच नाही. म्हणून ‘तू काही सोडलेस काय?’ हा प्रश्न प्रतिकृतिकारास विचारण्यात अर्थ नाही. ‘काय सोडलेस, आणि कशासाठी सोडलेस?’ हा विचारावयाचा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाशी प्लेटोही येऊन थडकला होता. ‘सोफिस्ट’ ह्या संवादात त्याने अनुकरणाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एका प्रकारात मूळ वस्तूची लांबी, रुंदी व खोली ह्यांची प्रमाणे जशीच्या तशी राखिली जातात. दुसऱ्या प्रकारात, विशेषतः प्रचंड मूर्ती घडविताना, शिल्पकार ती प्रमाणे जाणून बुजून मोडतो. कारण खरी प्रमाणे राखिली तर खालून पाहणाऱ्यास वरचा भाग लहान व खालचा मोठा दिसेल. दिसावयास बरोबर असावे म्हणून तो मूळचे बरोबरपण सोडून देतो. प्लेटोस हा दुसरा प्रकार संशयास्पद वाटला. परंतु आमच्या स्नेह्यांस कर्नाळ्याचा डोंगर छपराबाहेर काढता येत नाही, म्हणून तो ते मागच्या भिंतीवर रंगवितात आणि त्याचा सुळका नजरेच्या अंदाजाने ठेवितात. हा प्लेटोच्या वर्गीकरणात दुसरा प्रकार झाला. पण तो पाहून पनवेलचा मनुष्य ‘हा कर्नाळा’ असे क्षणात म्हणेल. उलट अगदी यथाप्रमाण पण वीतभर उंचीवर कापलेला डोंगर कोणास ओळखताही यावयाचा नाही. म्हणजे मापाची निष्ठा आणि स्थळाची निष्ठा ह्या दोन वस्तू भिन्न असून प्रसंगी पहिली मोडल्याखेरीज दुसरी पाळता येत नाही, हे कबूल केले पाहिजे.

आपल्याकडील साहित्यशास्त्रात ह्या विषयाची चर्चा अधिक सूक्ष्म झाली आहे. नट रामाचे अनुकरण करितो व प्रेक्षक त्या अनुकरणावरून रसाचे अनुमान करितो, असे शंकुकाचे मत अभिनवगुप्ताने दिले आहे. चित्रातील घोडा पाहताना आपण ‘हा खराच घोडा’ असे म्हणत नाही, ‘हा घोडा नव्हेच’ असेही म्हणत नाही. आपणांस संशय येत नाही, आणि ‘हा घोड्यासारखा आहे’ अशी तुलनाही आपण करीत नाही. ह्या चारही प्रकारांहून निराळी अशी ती प्रतीती असते, आणि तीस ‘चित्रतुरगन्याय’ म्हणतात. लघुरेल्वेच्या मेजाशी उभ्या राहणाऱ्या मनुष्याच्या मनाची स्थिती ह्याहून नेमक्या शब्दांत सांगता येईल असे मला वाटत नाही. परंतु शंकुकाच्या मतावर अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत ह्यांनी जो आक्षेप घेतला तो आपल्या प्रश्नास अधिक उपयोगी आहे. हे अनुकरण कोणाच्या दृष्टीने म्हणावयाचे, असे त्यांनी विचारिले. प्रेक्षकाच्या, नटाच्या, की विवेचकाच्या? ज्या रामास कोणी पाहिलेच नाही त्याचे अनुकरण झाले की नाही, हे ठरवावे कोणी?

येथेच पळस्प्याची गोष्ट रामाच्या गोष्टीहून वेगळी पडते. राम रंगभूमीवर येऊन नटास जाब विचारीत नाही. पळस्पे मात्र हयात आहे. तेथे जन्मलेला, तेथील शाळेत गेलेला, फाट्यावर गाडीची वाट पाहत उन्हात उभा राहिलेला मनुष्य उद्या त्या मेजाशी येऊ शकतो आणि ‘आमचे घर कोठे आहे?’ असे विचारू शकतो. लेखाच्या आरंभी जो प्रश्न केला, की कसोटी लावण्याचा अधिकार कोणाचा, त्याचे उत्तर मला हेच दिसते. तो अधिकार कलेच्या परीक्षकाचा नाही, आणि रिव्हेट मोजणाऱ्या जाणत्या छांदिष्टाचाही नाही. ज्याच्या गावाचे नाव पाटीवर लिहिले, त्याचा तो अधिकार आहे.

नाव घेण्याने एवढे बंधन खरोखरीच उत्पन्न होते काय, हे तीन उदाहरणांवरून ताडून पाहू. पुण्यास कोथरुडात जोशी ह्यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. एका गृहस्थाच्या आजन्म छंदातून ते उभे राहिले, आणि तेथील गाड्या, सिग्नल, सर्कस, डोंगरातील मार्ग पाहून आबालवृद्धांस आनंद होतो. ते नगर कल्पित आहे. त्यास कोणा खऱ्या गावाशी बरोबरी करावयाची नाही. त्यामुळे तेथे अमुक वस्तू का नाही, असे विचारण्याचा हक्क कोणास पोहोचत नाही. कर्त्याचे दायित्व आपल्या कल्पनेपुरते आहे आणि ते त्याने पार पाडिले आहे.

दुसरे उदाहरण विलायतेतील. ऑस्ट्रेलियाहून १९२५ साली इंग्लंडात आलेल्या रॉय इंग्लंड नावाच्या तरुणाने पाहिले, की व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स ह्या खोऱ्यातील गवताने शाकारलेली जुनी घरे एकामागून एक पाडली किंवा बदलली जात आहेत. त्यांची मोजमापे घेऊन छोट्या प्रतिकृती करण्याचा त्याने ध्यास घेतला, आणि त्यातून ऑक्सफर्डशायरातील लाँग विटनम येथे १९५४ मध्ये पेंडन संग्रहालय स्थापन झाले. तेथील घर अन् घर कोठल्या तरी खऱ्या घरावरून बेतलेले आहे. परंतु ती घरे निरनिराळ्या गावांची असून त्यांचे मिळून जे गाव मांडले आहे ते कल्पित आहे. आणि म्हणून त्याचे नावही कल्पितच ठेविले आहे. हा विवेक मला अत्यंत आदरणीय वाटतो. घरे खरी होती, तरी त्यांचा एकमेकांशी शेजार खरा नव्हता. आणि शेजार खरा नसेल तर गावाचे नाव घेण्याचा अधिकार नाही, हे त्या मंडळींनी ओळखिले.

तिसरे उदाहरण पळस्प्याच्या अगदी जवळचे आहे. रोह्याच्या वाटेवरील आपटे स्थानक त्याच्या झाडीमुळे व डोंगरांमुळे चित्रपटवाल्यांस प्रिय आहे. १९९५ सालच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ ह्या चित्रपटाचा अखेरचा प्रसंग तेथे चित्रित झाला. पडद्यावर मात्र ते पंजाबातील स्थानक आहे. चित्रपटाने आपट्याचे शरीर घेतले आणि नाव टाकून दिले. कोट्यवधी लोकांनी कोकणाच्या उंबरठ्यावरचा तो फलाट पाहिला, पण आपटे पाहिले नाही. ह्यात आपट्याची फसवणूक झाली, असे मी म्हणणार नाही. कारण नाव घेतले नाही म्हणून वचनही दिले गेले नाही. पण ह्यावरून दिसते ते असे, की रूप आणि नाव ही वेगळी करता येतात, आणि बंधन येते ते नावामुळे. पळस्प्यासारखे फाटे व रूळ मांडून त्यास दुसरे कोणतेही नाव दिले असते तर आमचे स्नेही मोकळे होते. त्यांनी नाव घेतले, आणि त्याबरोबर ऋणही घेतले.

आता ह्या ऋणाची फेड कशी करावयाची? सोडण्याचे तीन प्रकार करता येतील. काही गोष्टी अशक्य म्हणून सोडाव्या लागतात: दोन किलोमीटरांचे अंतर, डोंगराची उंची, गाडीचे सगळे डबे. ह्याबद्दल क्षमा मागण्याचे कारण नाही. पाहणारा ते आपोआप समजतो. काही गोष्टी सोयीसाठी सोडल्या जातात: विकतचा अरुंद रूळ, हातभर त्रिज्येचे वळण. त्या सोडण्यास हरकत नाही, परंतु त्या लपवू नयेत. विचारणाऱ्यास सरळ सांगाव्या. तिसरा प्रकार मात्र निराळा आहे. काही गोष्टी मावत असूनही, करता येत असूनही, केवळ नावडत्या म्हणून वगळल्या जातात. गोदामाचे गंजलेले पत्रे, रुळालगतचा कचरा, उड्डाणपुलाखाली पाल ठोकून राहणारे कुटुंब, अर्धवट बांधून सोडलेली इमारत. ‘चित्र बिघडते’ एवढ्याच कारणाने ह्या वस्तू काढून टाकल्या, की उरलेले मेज कितीही सुबक असो, त्यावर पळस्प्याची पाटी लावणे अप्रामाणिक ठरते.

ह्यावर एक चतुर उत्तर असे येते, की नकोशा वस्तू टाळावयाच्या तर काळच मागचा निवडावा. आणि ते उत्तर पुष्कळ अंशी न्याय्य आहे. दिव्याहून पनवेल व पुढे आपट्यापर्यंतचा लोहमार्ग १९६०च्या दशकात झाला. तो रोह्यास १९८६ मध्ये पोहोचला. आणि कोकण रेल्वे आरंभापासून अखेरपर्यंत २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली. ह्यांपैकी पहिला काळ धरला तर एकेरी रूळ, विजेच्या तारांवाचूनचे आकाश, दोहों बाजूंस भातशेती, असे देखणे चित्र मिळते. २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग नाही, कारण तो झालेलाच नाही. हे खोटे नव्हे. परंतु काळाची निवड करणाऱ्याने तीही वचन म्हणून पाळली पाहिजे. छांदिष्टास वाफेचे इंजिन प्रिय असते आणि मंगळुराकडे धावणारी कोकण रेल्वेची गाडीही प्रिय असते. पण ह्या दोहोंस एका मेजावर, एका दिवशी, एकत्र आणता यावयाचे नाही. १९८१ पूर्वीचे पळस्पे दाखवावयाचे तर कचेरीच्या पाटीवर जिल्हा कुलाबा लिहिला पाहिजे. रायगड लिहिता येणार नाही. आणि मेजाच्या कडेवर ते वर्ष स्पष्ट अंकांत मांडिले पाहिजे. वर्ष न लिहिता मांडिलेला सुंदर भूतकाळ पाहणाऱ्यास हळूच असे सुचवितो, की खरे पळस्पे हेच, आणि आज आहे ती त्याची विकृती. असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. आज तेथे राहणाऱ्या माणसांसमोर तर मुळीच नाही.

माणसांचे नाव निघाले म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ह्या प्रमाणात मनुष्याची आकृती दोन सेंटिमीटरांहूनही लहान असते, आणि अशा आकृती खोक्यांतून तयार मिळतात. परंतु त्या बहुतेक युरोपातील कारखान्यांच्या असल्यामुळे त्यांच्या डोक्यांवर टोप्या, अंगात लांब कोट व हातांत चामडी बॅगा असतात. त्या पळस्प्याच्या फाट्यावर उभ्या केल्या तर विनोद होतो. म्हणून पुष्कळ जण रस्ते निर्मनुष्य ठेवणेच पसंत करितात. रूळ, सिग्नल, इंजिनाचा क्रमांक ह्यांवर महिनोन्‌महिने खपणारा मनुष्य माणसांपाशी आला म्हणजे दमतो, ही केवळ कौशल्याची उणीव नव्हे. खाचरात वाकलेली आगरी बाई, डोक्यावर मोळी घेऊन डोंगरातून उतरणारी कातकरी मुलगी, खडी सारखी करणारा गँगमन, फाट्यावर पुण्याच्या गाडीस हात दाखविणारा विद्यार्थी, ह्यांच्या आकृती कोणत्याही खोक्यात मिळत नाहीत. त्या आपण घडविल्या पाहिजेत, आणि घडविण्यापूर्वी त्या माणसांकडे पाहिले पाहिजे. गँगमनच्या हातातील फावड्याचा दांडा किती लांब असतो, हे ठरविण्यासाठी तरी एकदा त्याच्याजवळ जाऊन उभे राहावे लागते. एरवी गाडीच्या खिडकीतून आपण त्यास ओझरता पाहतो, आणि पाहिले असे समजतो.

अर्थात प्रतिकृतीच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. ती डोळ्यांस दिसणारे दाखविते. घडून गेलेले दाखवू शकत नाही. पळस्प्याच्या पुढे गोव्याच्या रस्त्यावर शिरढोण लागते. तेथे १८४५ साली वासुदेव बळवंत फडके जन्मले. ज्या रेल्वेने हिंदुस्थानातील पहिली प्रवासी गाडी चालविली, त्याच ग्रेट इंडियन पेनिनशुला रेल्वेत ह्या पुरुषाने काही काळ कारकुनी केली, नंतर सरकारविरुद्ध शस्त्र धरिले, आणि १८८३ मध्ये एडनच्या बंदिवासात देह ठेविला. शिरढोणची घरे मेजावर मांडता येतील. हे मांडता यावयाचे नाही. म्हणून प्रतिकृतीस गावाची जागा घेता येत नाही. गावाकडे बोट दाखविता येते, आणि तेवढे तिने करावे.

येथे कोणी म्हणेल, की एका निरुपद्रवी छंदावर आपण नीतीचे केवढे हे ओझे घालीत आहात! मनुष्य दिवसभर कचेरीत खपतो, रात्री तासभर छोट्या गाड्या चालवितो. त्यास आपल्या आवडीचे जग मेजावर पाहू द्या. ह्या आक्षेपात तथ्य आहे, आणि ज्याने कल्पित नाव घेतले त्याच्यापुरता तो मी संपूर्ण मान्य करितो. पण मेजावर जग मांडण्याची क्रिया नेहमीच निरुपद्रवी असते, हे मात्र मला मान्य नाही. पनवेलच्या परिसरात तर ते कोणासही मान्य होऊ नये.

कारण ह्याच परिसरात दुसऱ्या एका जातीची मेजे आहेत. सदनिका विकणाऱ्या कोणत्याही कार्यालयात जा. काचेखाली एक प्रतिकृती मांडिलेली असते. तीत उंच इमारती असतात, हिरवळ असते, पोहण्याचा तलाव असतो, स्पंजाची टवटवीत झाडे असतात. आणि कुंपणापलीकडे काही नसते. तेथे खरोखर कोणाचे शेत आहे, कोणाची वाडी आहे, ओढा आहे; प्रतिकृतीत ती जागा पांढरी किंवा हिरवी, सपाट व रिकामी असते. ही प्रतिकृतीदेखील खऱ्या स्थळाचे नाव घेते, पण ती त्या स्थळास काहीच विचारीत नाही. मोठ्या नियोजनाचे मूळही ह्याच दृष्टीत असते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील गावांच्या जमिनींवर नवे नगर आखिले गेले. कागदावर व मेजावर ते सुंदर होते. आणि मुंबईची गर्दी पाहता त्याची गरजही होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु आखणीत जी भूमी रिकामी दिसत होती ती रिकामी नव्हती. १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जासई व दास्तान फाटा येथे उभे राहिले, गोळीबार झाला, आणि पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व प्रस्थापित झाले. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला, आणि तेथील वस्त्या अन्यत्र हलविण्यात आल्या. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. मेजावरील टेकडी उचलून दुसरीकडे ठेवणे हा दोन बोटांचा खेळ असतो. खऱ्या टेकडीच्या बाबतीतही तो खेळ शक्य झाला, हे आपल्या युगाचे सामर्थ्य होय. आणि तो खेळ करिताना टेकडीखाली कोण राहतो हे पाहावयाचे राहून जाते, हे त्याचे पाप होय.

विमानतळ नको होता, असे मला म्हणावयाचे नाही. मला दाखवावयाचा आहे तो दोन मेजांतील भेद. दोन्ही मेजांवरून मनुष्य जगाकडे वरून पाहतो. आणि वरून पाहणे ही एक धुंदी आहे. घरे ओंजळीत मावतात, रस्ते बोटाने पुसता येतात, माणसे दिसतही नाहीत. योजकाच्या मेजावर प्रतिकृती आधी होते, आणि मग स्थळास तिच्यासारखे व्हावे लागते. दोहोंत विसंगती आढळली तर स्थळ दुरुस्त केले जाते. खऱ्या स्थळाची प्रतिकृती करणाऱ्या छांदिष्टाच्या मेजावर नेमके उलट घडते. तेथे स्थळ आधी आहे, आणि विसंगती आढळली तर प्रतिकृती दुरुस्त करावी लागते. त्यास वाटते, मोरी येथे असती तर शोभली असती. पण मोरी तेथे नाही, आणि तो आपली आवड गिळतो. त्यास वळण हवे असते, रूळ सरळ जात असतो. तो सरळच मांडितो. चिखलाचा रंग त्यास गेरूसारखा वाटत होता, जाऊन पाहतो तो काळपट निघतो; तो रंग पुसून नवा देतो. अशा शंभर लहान शरणागतींतून ती प्रतिकृती घडते. वरून पाहण्याची धुंदी उतरविणारा हा उपाय त्याच धुंदीच्या मेजावर सापडावा, हे मला मोठे आश्वासक वाटते.

म्हणून खऱ्या गावाची प्रतिकृती करण्याचे नैतिक मोल तिच्या हुबेहूबपणात शोधावयाचे नाही; ते ह्या आज्ञाधारकपणात आहे. आपल्या इच्छेच्या विरुद्ध असलेल्या वस्तूस ‘तू आहेस’ असे म्हणण्याची सवय ही सर्व न्यायबुद्धीची पहिली पायरी होय. रूळ पावणेतीन मिलिमीटरांनी अरुंद असला तरी ती सवय लागू शकते. आणि रूळ अगदी अचूक असून उड्डाणपुलाखालचे पाल वगळले तर ती सुटते. गाव कितीही मोठे असो वा फाट्याएवढे लहान, त्याचे नाव घेणाऱ्याने एवढे एकच व्रत पाळावे: जे मावत नाही ते निःशंक सोडावे, जे सोयीसाठी सोडले ते उघड सांगावे, आणि जे केवळ आवडत नाही ते मात्र आहे तेथे, आहे तसे, मांडावे. हे व्रत मेजावर पाळता आले तर पळस्प्याचा मनुष्य आपले घर शोधीत आला असता त्यास एक तर ते सापडेल, अथवा ते का नाही ह्याचे उत्तर तरी मिळेल. ज्यांच्या हाती मोठी मेजे आहेत त्यांच्यापाशीही तो मनुष्य हाच प्रश्न घेऊन पुष्कळ वर्षे उभा आहे.